नुसतं ब्लॉक करून थांबू नका, १९०९ वर तक्रार करा

कोरांटी

घरी, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे एकच कुरकुर ऐकू येते. "डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावून काही उपयोग नाही, कर्जवाल्यांचे आणि प्लॉटवाल्यांचे फोन येतातच." त्याला जोडून दुसरं वाक्यही ठरलेलं असतं, "मी तर सरळ ब्लॉक करते." धागा काढलाय तो या दुसऱ्या वाक्यासाठी.

ब्लॉक केलं की तो नंबर तुमच्यापुरता बंद होतो. पुढच्या मिनिटाला तो शेजारच्या काकूंना फोन लावतो, मग तुमच्या सासऱ्यांना. तक्रार केली तर तो सगळ्यांसाठीच बंद होऊ शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) नियम बदलले, तेव्हापासून तक्रार करणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. पण हे फारच थोड्या लोकांपर्यंत पोचलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडं मागचं. नको असलेल्या फोनसाठी देशभरची नोंदवही २००७ साली सुरू झाली. मग २०१० चे नियम आले आणि सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. सध्याचा पाया २०१८ च्या नियमांचा आहे. ज्याला घाऊक मेसेज पाठवायचे आहेत त्याने मोबाइल कंपनीकडे नोंदणी करायची: आपण कोण, मेसेज कोणत्या नावाने जाणार (याला हेडर म्हणतात), आणि मजकुराचा साचा काय (याला टेम्प्लेट म्हणतात). या सगळ्याची सामायिक वही कंपन्या मिळून ठेवतात, तिला डीएलटी म्हणतात. मेसेज सुटला की आधी साच्याशी जुळवून पाहिला जातो, जुळला नाही तर अडतो. मार्च २०२१ मध्ये ओटीपी येईनासे झाले होते ते अनेकांना आठवत असेल. ही जुळवणी तेव्हा कडक केली होती आणि अनेक संस्थांनी साचे नीट नोंदवलेलेच नव्हते. इतका गोंधळ झाला की ट्रायला आठवडाभर ती तपासणी थांबवावी लागली.

मग एवढं असूनही फोन का येतात? कारण ते करणारे कुठेच नोंदणी करत नाहीत. साधं दहा आकडी सिम घेतात आणि फोन लावत सुटतात. डीएनडीची यादी बघायचं बंधन पाळतो तो नोंदणी केलेला. हा माणूस ती यादी उघडतसुद्धा नाही, म्हणून आपल्याला वाटतं की डीएनडी चालतच नाही. या दहा आकडी नंबरावरून काय बोललं जातंय हे कंपनीला आपोआप कळत नाही, ज्याला फोन आला त्यानेच ते सांगावं लागतं.

आता नवीन काय ते. पूर्वी तक्रार तीन दिवसांत करावी लागायची, आता सात दिवसांत केली तरी चालते. पूर्वी तुमचा नंबर डीएनडीत नोंदलेला नसेल तर तक्रारच घेत नसत. नोंदणी नसलेल्या अशा नंबरांविरुद्ध आता ती अट राहिलेली नाही. एखाद्या नंबरावर कारवाई व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. कंपनीला कारवाईसाठी तीस दिवस मिळायचे, ते पाच झाले. दोष पहिल्यांदा सिद्ध झाला तर त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद. पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शनं, सगळ्या कंपन्यांची, वर्षभरासाठी तोडायची.

पाच हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. असे फोन बहुतेक वेळा नंबरांची रांग लावून केले जातात, त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच ऑफिसात चार-पाच जणांना तोच फोन आलेला असतो. त्या सगळ्यांनी आपापल्या नंबरवरून तक्रार केली की काम होतं. एकट्याने पन्नास वेळा ब्लॉक केल्याने ते होत नाही.

तक्रार करायची कशी? १९०९ ला एसएमएस करा: आलेला मजकूर (फोन असेल तर कशाबद्दल होता ते एका ओळीत), ज्या नंबरवरून किंवा हेडरवरून आला तो, आणि तारीख. १९०९ ला फोनही करता येतो. ट्रायचं डीएनडी नावाचं ॲप आहे, त्यात कॉलच्या यादीतून नंबर निवडला की झालं. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येही सोय आहे. तक्रारीचा क्रमांक येतो तो पुसू नका.

---

सह्यकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). मेसेजच्या हेडरबद्दलही लिहा ना. शेवटी एक अक्षर लागलेलं दिसतं हल्ली, ते काय असतं?

---

कोरांटी

@सह्यकडा, तेही २०२५ च्याच बदलातलं आहे. हेडरच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेबद्दलची माहिती, टी म्हणजे व्यवहाराचा मेसेज (ओटीपी वगैरे), जी म्हणजे सरकारी. सुरुवातीची दोन अक्षरं कंपनी आणि सर्कल (दूरसंचाराचा विभाग) सांगतात. एवढं कळलं की यादीवर नजर टाकूनच जाहिरात कुठली ते समजतं. एस किंवा टी लावून कोणी जाहिरात पाठवत असेल तर तीही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, आणि माझ्या मते जास्तच, कारण तो माणूस नोंदणी करून वर फसवतोय.

फोनचंही तसंच. नोंदणी केलेल्यांचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. बँकांनी खात्यासंबंधीचे फोन १६०० च्या मालिकेतूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणजे "बँकेतून बोलतोय" म्हणत दहा आकडी मोबाइल नंबरवरून कोणी बोलू लागला तर तिथेच सावध व्हायचं.

---

सह्यकडा

धन्यवाद. पण माझा अनुभव चांगला नाही. दोन-तीनदा तक्रार केली, उत्तर आलं की तक्रार अवैध, बंद केली. कारण काही दिलं नाही. कंपनीलाच हे ग्राहक हवे असतात, ती कशाला कारवाई करेल?

---

वेताळटेकडी

@सह्यकडा, शंका रास्त आहे. कंपनीचा त्यात धंदा आहेच. म्हणूनच नव्या नियमांत कंपन्यांना दंड ठेवलाय: स्पॅमची आकडेवारी चुकीची दाखवली तर पहिल्यांदा २ लाख, दुसऱ्यांदा ५ लाख, त्यानंतर दर वेळी १० लाख. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे, मला ती कमीच वाटते. पण आधी जे होतं त्यापेक्षा बरं.

दबाव आला की कंपन्या हलतात हेही दिसलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या घाऊक फोनवाल्यांची कनेक्शनं तोडायचा आदेश काढला आणि काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांवर कनेक्शनं तोडली गेली, पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

तक्रारी बाद होण्याची साधी कारणं बघा आधी. तारीख नाही, नंबरातला एखादा आकडा चुकला, किंवा वर्णनात फक्त "स्पॅम कॉल" लिहिलंय. "वैयक्तिक कर्ज देतो म्हणून फोन, मी मागणी केलेली नाही" असं लिहा. आणि ज्या नंबरवर फोन आला त्याच नंबरवरून तक्रार जायला हवी, दुसऱ्या सिमवरून केली तर ती पुढे सरकत नाही.

---

अनुजा७८

खूप उपयोगी धागा. आमच्याकडे आईला जो मेसेज आला तो वेगळाच होता. "मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल, त्वरित या अधिकाऱ्याशी संपर्क साधा", खाली एक मोबाइल नंबर. आई घाबरून लगेच फोन लावणार होती, भाऊ घरात होता म्हणून थांबली. हेही १९०९ ला कळवायचं का?

---

वेताळटेकडी

@अनुजा७८, आईंना सांगा की महावितरणचे मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाहीत. हेडरमध्ये एमएसईडीसीएल असतं, आणि महावितरणने स्वतः हे वेळोवेळी जाहीर केलंय. त्या नंबरला फोन केला की एखादं ॲप उतरवायला सांगतात, त्यातून तुमचा स्क्रीन समोरच्याला दिसायला लागतो आणि पुढे ओटीपीसकट सगळं हातचं जातं.

कुठे कळवायचं ते तीन भागांत लक्षात ठेवा. नुसता त्रास असेल, म्हणजे कर्ज, प्लॉट, विमा, क्लास, तर १९०९. फसवणुकीचा डाव दिसतोय पण पैसे गेलेले नाहीत, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर "चक्षु" नावाची सोय आहे, मार्च २०२४ पासून. व्हॉट्सॲपवरचा प्रकारही तिथे कळवता येतो. १९०९ वर तो चालत नाही, कारण व्हॉट्सॲप ट्रायच्या या नियमांत येतच नाही. आणि पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बँकेच्या शाखेत जाऊ, उद्या बघू, आधी मुलाला विचारू, यातलं काहीही नको. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि मग काढले जातात. ते मधल्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. १९३० वर नोंद झाली की पुढच्या बँकांना तसा निरोप जातो. नंतर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर रीतसर तक्रार.

अवांतर, पण सांगायलाच हवं: व्हॉट्सॲपवर "लग्नाची पत्रिका" किंवा "वाहनाचं चलन" म्हणून एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) येते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो.

---

तात्या_नाशिककर

दुसरी बाजूही मांडतो. माझं कापडाचं दुकान आहे, तीस वर्षं. माझ्या गिऱ्हाइकांनी स्वतः वहीत नंबर लिहून दिलेत, पाडव्याला नवीन माल आला की कळवा म्हणून. त्यांना एसएमएस करायचा तर मला डीएलटीवर नोंदणी करायची, तिचे पैसे भरायचे, हेडर मंजूर करून घ्यायचा, प्रत्येक साचा मंजूर करून घ्यायचा. नाव आणि रक्कम बदलायची जागा आधी दाखवून ठेवायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज अडतो. वर मराठीत लिहिलं तर एका मेसेजात सत्तरच अक्षरं बसतात, इंग्रजीत एकशे साठ. काना-मात्रा धरून सत्तर! "आमच्या येथे पैठणी व इरकल" म्हणेपर्यंत तिसरा हिस्सा संपतो. म्हणजे मराठीत कळवायला दुप्पट खर्च.

शेजारच्या दुकानदाराने कंटाळून आपल्या मोबाइलवरून मेसेज पाठवले. तुमच्या हिशेबाने पाच जणांनी तक्रार केली की त्याचा फोन पंधरा दिवस बंद. धंदा त्याच फोनवर आहे त्याचा. लाखो फोन करणाऱ्याला नवं सिम घेता येतं, यांना नाही. याचा विचार करा एवढंच म्हणणं आहे.

---

कोरांटी

@तात्या_नाशिककर, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि मराठी अक्षरांचा मुद्दा तर ट्रायपुढे कोणीतरी जोरात मांडायलाच हवा. नियम करताना मोठ्या बँका आणि कंपन्या समोर होत्या, तुमच्यासारख्या एका दुकानाच्या मालकासाठी सोपी, स्वस्त वाट त्यात नाही. ती असायला हवी.

पण तक्रार करणाऱ्याच्या हातात विवेक असतोच ना. ज्या दुकानात मी स्वतः नंबर लिहून दिलाय त्याने वर्षातून दोनदा मेसेज केला तर मी १९०९ कडे जाणार नाही. नको असेल तर तुम्हालाच सांगेन, तात्या, नाव काढा म्हणून. धागा आहे तो ज्यांना आपण कधी नंबर दिलाच नाही त्यांच्याबद्दल. तुमच्या शेजाऱ्यांना मात्र सांगा की स्वतःच्या सिमवरून घाऊक पाठवणं आता खरंच धोक्याचं आहे.

---

शेवंती

वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं. मी ठाण्यात अशा एका ठिकाणी नोकरी केली आहे. कर्जाचे फोन. सकाळी एक यादी हातात यायची, नाव आणि नंबर, कधी नुसतेच नंबर. ती कुठून आली हे विचारायचं नाही. दिवसाला किती फोन झाले, किती "इंटरेस्टेड" निघाले यावर पगार. सिम ऑफिस द्यायचं, पण काही मुलींना स्वतःचं वापरायला लावायचे आणि रिचार्जचे पैसे देऊ म्हणायचे. नंबर बंद पडला की टीम लीडर ड्रॉवरमधून दुसरं सिम काढून द्यायचा.

लोक काय काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. बारावी होऊन पहिली नोकरी लागलेल्या मुली असतात. दुपारी जेवायच्या सुट्टीत जिन्यात रडायच्या.

म्हणून दोन विनंत्या. शिव्या देऊ नका, त्याने काही थांबत नाही. पुढच्या नावाला फोन लागतोच. आणि तक्रार जरूर करा, पण करताना नुसता नंबर देऊ नका. फोन ठेवायच्या आधी शांतपणे विचारा, कोणत्या बँकेसाठी, कोणत्या एजन्सीतून बोलताय? बहुतेक मुली बँकेचं नाव सांगतातच, तसं सांगायचंच असतं त्यांना. ते नाव तक्रारीत लिहा. नाहीतर सिम त्या मुलीच्या नावावर असतं आणि वर्षभर तिचीच सगळी कनेक्शनं जातात. एजन्सीचा मालक दुसऱ्या दिवशी नवी मुलगी बसवतो.

---

अनुजा७८

शेवंती, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी यापुढे नाव विचारीन.

---

कोरांटी

@शेवंती, हे माझ्या मूळ लेखात नव्हतं आणि असायला हवं होतं असं वाटतं, म्हणून भर घालते आहे. माल कोणाचा विकला जातोय ते नाव तक्रारीत आलंच पाहिजे. त्या मालातून पैसा मिळतो ती बँक, तो बिल्डर, तो क्लास, जबाबदारी शेवटी तिथे पोचायला हवी. तेवढ्याने थांबू नका. बँकेच्या नावाने फोन आला असेल तर त्या बँकेच्या तक्रार विभागालाही ईमेल करा, की तुमच्या नावाने अमुक नंबरवरून फोन येताहेत, ही तुमची एजन्सी आहे का ते लेखी कळवा. "आमचा संबंध नाही" असं लेखी द्यायला बँका बिचकतात, मग एजन्सीला विचारणा होते.

ज्यांनी अशी नोकरी धरलीय त्यांनीही एवढं पाळा: स्वतःच्या नावाचं सिम या कामाला देऊ नका. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच "माझा नाही" म्हणून कळवता येतो.

---

बे_एरियाकर

इकडची गोष्ट सांगतो. अमेरिकेत डू नॉट कॉल नोंदणी २००३ ला सुरू झाली, आणि तेच झालं जे कोरांटी म्हणतात: प्रामाणिक होते त्यांनी पाळली, बाकीच्यांनी नाही. त्यातून खोटा नंबर दाखवून फोन करण्याचं प्रमाण इतकं वाढलं की लोकांनी अनोळखी फोन उचलणंच सोडलं. जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना फोनबरोबर एक प्रकारची डिजिटल सही पाठवावी लागते, हा नंबर खरंच याचाच आहे अशी. प्रकार थांबलेला नाही, पण नंबर खरा की खोटा हे ओळखायला मदत होते. नको असलेला एसएमएस ७७२६ ला पुढे पाठवायचा. इंग्लंडमध्येही तोच क्रमांक आहे.

साताऱ्याला आईला पूर्वी "टेलिकॉम खात्यातून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार" असे फोन यायचे. नंबर भारतातला दिसायचा, फोन मात्र परदेशातून केलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने असे फोन सीमेवरच ओळखून अडवायची यंत्रणा सुरू केली, पहिल्या चोवीस तासांतच १ कोटी ३५ लाख फोन अडवल्याचं जाहीर झालं होतं. आकडा वाचून मी हादरलो होतो. म्हाताऱ्या माणसांना एवढं पक्कं सांगून ठेवा: कुठलंही सरकारी खातं फोन करून नंबर बंद करत नाही.

---

वेताळटेकडी

नंबर जातात कुठून याबद्दलही थोडं. मॉलमध्ये, औषधाच्या दुकानात बिल करताना नंबर मागतात आणि आपण सवयीने सांगतो. तो द्यायचं बंधन नाही. दुकानदाराने मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच सांगितलंय. "नंबरशिवाय बिल निघत नाही" म्हणाले तर हे सांगा. मी सांगतो, आणि बिल निघतं.

---

मास्तर

गावाकडे वडिलांकडे साधा बटणांचा फोन आहे, ॲप वगैरे नाही. आणि माझ्याकडे आयफोन. दोघांचं कसं जमवायचं?

---

कोरांटी

@मास्तर, वडिलांच्या फोनवरून १९०९ ला साधा एसएमएस जातो, ॲप लागत नाही. तुम्ही गावी जाल तेव्हा त्यांच्या फोनवरून डीएनडीही लावून टाका: इंग्रजीत स्टार्ट, जागा सोडून शून्य, आणि १९०९ ला पाठवा. सगळ्या जाहिराती बंद होतात. फक्त बँकिंग किंवा आरोग्याबद्दलची माहिती हवी असेल तर पूर्ण बंद न करता तेवढा वर्ग उघडा ठेवता येतो. ओटीपी आणि सरकारी मेसेज डीएनडी लावला तरी येतातच, ती भीती नको.

आयफोनवर पूर्वी अडचण होती. ट्रायचं ॲप कॉल आणि मेसेजची यादी वाचायला मागतं म्हणून ॲपल ते घेत नव्हतं. २०१८ मध्ये वाद झाला आणि मग ॲपलने कळवण्याची वेगळी सोय दिली. ते जमलं नाही तर तुम्हीही एसएमएसच करा. तेच सगळ्यात सरळ.

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून नमुना मागितला, तो इथेच देते. फोन आला असेल तर:

"वैयक्तिक कर्जासाठी फोन, अमुक बँकेच्या नावाने, मी मागणी केलेली नाही, (दहा आकडी नंबर), (तारीख)"

मेसेज आला असेल तर तोच जसाच्या तसा उचलून पुढे हेडर आणि तारीख. सात दिवसांच्या आत.